लेकरांची मोजदाद

आपल्या संस्थेचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. जमीन कशी घेतली, एन.ए. परवानगीसाठी यवतमाळच्या किती चकरा झाल्या, पहिली बोअर कोरडी गेली तेव्हा सभेत काय गोंधळ झाला, हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असेल. मी त्याच पंचवीस वर्षांची दुसरी एक गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या लेआउटच्या बाहेर, इथून दोन जिल्हे पलीकडे सुरू झाली. पण आज आपल्या गल्लीत जी पोरं सायकली पळवतात, त्यांच्यापर्यंत ती येऊन पोचली आहे. गोष्ट आहे लेकरं जगवण्याच्या चळवळीची.

मी आरोग्य सेविका होते. मारेगाव तालुक्यात आणि आसपास माझी नोकरी झाली. तुमच्यापैकी बरेच जण मला अजून 'सिस्टर' म्हणूनच हाक मारता. त्यामुळे पुस्तकी इतिहासात मधून मधून माझ्या झोळीतलंही थोडं येईल, ते गोड मानून घ्यावं.

आधी जुनी परिस्थिती सांगते, कारण आजच्या सुनांना ती खरी वाटत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. गावची दाई यायची. गर्भारपणात बाईनं कमी खायचं, म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते, अशी समजूत होती. मूल जन्मलं की त्याला लगेच आंघोळ घालायची, मग थंडीचे दिवस असोत की पावसाळा. पहिलं चिकाचं दूध 'खराब' म्हणून पिळून टाकायचं. मूल निळं पडलं, दूध ओढेनासं झालं की 'बाहेरची हवा लागली' म्हणायचं आणि जाणकाराकडे धावायचं. यात कुणाची माया कमी होती असं अजिबात नाही. माहिती नव्हती, आणि माहिती घेऊन दारापर्यंत येणारं कुणी नव्हतं. आम्ही सेविका होतो, पण एकीकडे पाच-सहा गावं. बाळंतीण झाल्याचं आम्हाला कळायचं तेच आठ-पंधरा दिवसांनी. आणि मूल जाण्याचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या आठवड्यातच असतो.

आता गडचिरोलीकडे वळू. वणी, घुग्घुस, चंद्रपूर, मूल असं करत गेलं की गडचिरोली लागतं. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे जोडपं अमेरिकेतलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण संपवून तिथे राहायला आलं. त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. पुढे धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम उभं राहिलं. तिथलं एक मला फार आवडतं. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आधी आदिवासींनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची आम्हाला भीती वाटते, आणि आमच्या माणसांना तुम्ही रोग्याजवळ राहू देत नाही. म्हणून तो दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला नाव दिलं त्यांच्याच देवीचं, माँ दंतेश्वरी.

त्या भागात लेकरं फार दगावत होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीच्या गावांत हजार जन्मांमागे सव्वाशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जात होती. कारण शोधलं तर न्यूमोनिया पुढे आला. आता खेड्यात न्यूमोनिया ओळखायचा कसा? एक्स-रे नाही, डॉक्टर नाही. पण पोटाकडे बघून श्वास मोजता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास झाले, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त झाले, की धोका. आकडे न येणाऱ्या दाईसाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर औषध सुरू करायचं. गावातल्याच माणसांनी श्वास मोजून गोळ्या-औषध दिल्यावर न्यूमोनियाचे मृत्यू घटले. त्याचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

तरीही अगदी कोवळी, महिन्याच्या आतली बाळं जातच होती. डॉ. बंग एका बाळाची हकिगत सांगतात. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दोन बाया मरणपंथाला लागलेलं लेकरू घेऊन त्यांच्या घरी आल्या. ते वाचलं नाही. मग त्यांनी मागे मागे जात विचारलं, हे का गेलं? गर्भारपणात आई उपाशी, तिला हिवताप, नवरा दारू पिणारा, बाळ कमी वजनाचं, त्याला दूध पुरेसं नाही, मग हगवण, मग न्यूमोनिया, मध्ये भगताचे उपाय, नदीला पूर, पूल नाही. मोजता मोजता अठरा कारणं निघाली. त्यावर त्यांचं म्हणणं असं की अठराच्या अठरा दूर होईपर्यंत थांबायचं कारण नाही. साखळीची एखादी कडी तुटली तरी लेकरू वाचू शकतं. नोकरीत हताश वाटायचं तेव्हा मला हे वाक्य उपयोगी पडलं.

१९९३ पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बाळांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी धरली. पहिली काही वर्षं फक्त नोंदी केल्या. त्यात दिसलं की निम्म्याच्या आसपास बाळांना पहिल्या महिन्यात काही ना काही गंभीर त्रास होतो, आणि शंभरातल्या तीन बाळांनाही डॉक्टर दिसत नाही. मग प्रत्येक गावातली एक बाई निवडली. पाचवी-दहावी शिकलेली, लग्न होऊन गावात आलेली, शेतावर जाणारी, आपल्यासारखीच. तिचं नाव आरोग्यदूत. तिला झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करायला शिकवलं, थर्मामीटर वाचायला शिकवलं. बाळ गार पडत असेल तर उबदार पिशवीत ठेवायचं, श्वास घेत नसेल तर मास्कची पिशवी दाबून श्वास द्यायचा. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, दवाखान्यात जायला आईबाप तयार नसले, तर त्यांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं.

यावर डॉक्टर मंडळींत खूप वाद झाला. खेड्यातली कमी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? आमच्या खात्यातही तेव्हा हीच कुजबुज होती. उत्तर आकड्यांनी दिलं. सुरुवातीला या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं जात होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ वर आला. शेजारच्या ४७ गावांत तो ६० च्या आसपास तसाच राहिला. आरोग्यदूतानं सांभाळलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. डिसेंबर १९९९ मध्ये हा अहवालही 'लॅन्सेट'मध्ये आला. आपल्या संस्थेचे कागद त्याच सुमारास तयार होत होते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, औषधानं आणि सुईनं काम झालं. मला तसं वाटत नाही. जेंटामायसिन आधीही तालुक्याच्या दवाखान्यात होतं. नवं काय होतं? बाळ जन्मल्याबरोबर कळणारं, वहीत लिहिणारं आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा पुन्हा त्याच दारात जाणारं माणूस गल्लीतच होतं. आधी लेकरू मोजलं गेलं, मग वाचलं.

मोजण्याचं महत्त्व मला स्वतःला एका कोलाम पोडावर कळलं होतं. साल नव्वदच्या आगेमागे असेल. रजिस्टर भरायला गेले होते. माझ्या वहीत पाच वर्षांखालची अकरा मुलं होती. दारात बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीला म्हटलं, "आजी, बरोबर ना? अकरा?" तिनं बोटं मोडत मोजलं आणि म्हणाली, "तेरा." मी पुन्हा नावं वाचली. तर ती म्हणाली, "दोन गेली न बाई. बारसंच झालं नाही त्यांचं. नावच नाही, तं तू लिहिशील कुठं?"

वहीत नावाचा रकाना होता. नाव नसलेल्याला जागा नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्म असो की मृत्यू, २१ दिवसांत नोंद व्हायला पाहिजे. पण चार दिवस जगून गेलेल्या बाळाचा ना जन्म लिहिला जायचा, ना मृत्यू. ते आलंच नव्हतं असं सरकारी कागद म्हणायचा. आईला मात्र ते आयुष्यभर आठवायचं.

असं किती पोडांवर, किती वस्त्यांत झालं असेल? हाच प्रश्न घेऊन महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं, पण दर पावसाळ्यात तीच बातमी आणि तेच मंत्र्यांचे दौरे चालू होते. या संस्थांनी आदिवासी गावं, साधी खेडी आणि शहरांतल्या झोपडपट्ट्या अशा तिन्ही ठिकाणी घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू मोजले. २००१ मध्ये त्यांचा अहवाल आला. नाव होतं 'कोवळी पानगळ'. त्यांचा अंदाज होता की महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख लेकरं दगावतात. सरकारी नोंदीतला आकडा याच्या जवळपासही नव्हता. मृत्यू फक्त मेळघाटात नव्हते, आपल्यासारख्या साध्या तालुक्यांत आणि शहरांतही होते. ते दिसत नव्हते, कारण लिहिले जात नव्हते.

साहजिकच गदारोळ झाला. पेपरात आलं, विधानसभेत आलं, न्यायालयातही विषय गेला. शेवटी सरकारनं डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यांकन समिती नेमली. समितीनंही सांगितलं की बरेच बालमृत्यू नोंदीतून सुटतात. आम्हा खालच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूनं एक सांगते. त्याआधी ज्या सेविकेच्या वहीत जास्त मृत्यू, तिच्यावर साहेब चिडायचे. खरं लिहिणाऱ्याला बोलणी आणि लपवणाऱ्याला शाबासकी, अशी रीत पडली होती. या चळवळीनंतर बैठकीत वरिष्ठ विचारू लागले, "तुमच्याकडे मृत्यू इतके कमी कसे? नीट शोधले का?" वाक्य एवढंच, पण नोकरीतल्या सगळ्या परिपत्रकांपेक्षा मोठा बदल मला त्यात दिसला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. त्याच वर्षी केंद्राचं ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून गावोगाव 'आशा' उभी राहिली. २०११ पासून गडचिरोलीची ही पद्धत देशभरच्या आशांच्या कामात घेतली गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध कसं पितं ते बघते. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की तिला २५० रुपये मिळायचे ठरले. २००० साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे ४८ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० च्या सरकारी पाहणीत हा आकडा १६ आहे. यात रस्ते, शिक्षण, १०८ ची गाडी, दवाखान्यातली बाळंतपणं, लसी असं सगळ्यांचं श्रेय आहे. पण दारात जाणारी बाई त्यात नसती तर एवढं घडलं नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

हे काम आता संपलं, असं मात्र कुणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ लेकरांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. देवाच्या दयेनं सगळी बचावली. चौकशी झाली, कारवाई झाली. त्यानंतर आपल्याकडेही काही आया म्हणाल्या, आता डोसच नको. तो धडा घेऊ नका. या पोलिओच्या डोसांमुळेच २०११ नंतर देशात जंगली विषाणूचा पोलिओ झाला नाही आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. बूथवर डोस जरूर द्या, पण बाटली बघायला मागा. कुपीवर काय लिहिलंय हे विचारणं म्हणजे कर्मचाऱ्याचा अपमान नाही. मी स्वतः ड्यूटीवर असताना विचारणारी आई मला नेहमी आवडायची. तिच्यामुळे आमचीही नजर जागी राहायची.

दुसरी गोष्ट आशांची. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केला. तेव्हा आपल्या लेआउटमध्ये चहाच्या वेळी मी ऐकलं, "यांना काम काय असतं, घरोघर फिरायचं!" मंडळी, घरोघर फिरायचं हेच ते काम. मोठ्या तज्ज्ञांना जे जमत नव्हतं ते या फिरण्यानं साधलं. आपल्या सुनांची बाळंतपणं वणीला, यवतमाळला, नागपूरला खाजगीत होतात. म्हणून आशा दारात आली की "आमचं बालरोगतज्ज्ञाकडे चालू आहे" म्हणून तिला फाटकातून परत पाठवतात. डॉक्टर उत्तम असतील, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण ते घरी येऊन बाळाचे पाय गार आहेत का ते बघत नाहीत. पाच मिनिटं तिला आत घ्या, वजन करू द्या. आणि हे पाठ करून ठेवा: बाळ दूध ओढत नाही, अंग गार किंवा फार गरम आहे, हातपाय ढिले पडले, श्वास मिनिटाला ६० च्या वर चालला, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

तिसरी गोष्ट सांगताना थोडी अडखळते, पण सांगायलाच हवी. आपल्या लेआउटमध्ये दरवर्षी दोन-तीन प्लॉटवर बांधकाम चालू असतं. तिथे मजूर कुटुंबं येतात, कुणी तेलंगणातून, कुणी मध्य प्रदेशातून. सहा-आठ महिने ती आपल्यातच राहतात. आपल्याच नळावर पाणी भरतात, त्यांची पोरं आपल्या पोरांबरोबर खेळतात. ती आपल्या आशाच्या वहीत नसतात, कारण इथली नाहीत. त्यांच्या गावच्या वहीतही नसतात, कारण तिथे नाहीत. पोडावरच्या आजीची ती दोन लेकरं मला इथेही दिसतात. मागे एकदा बांधकामाच्या उघड्या टाक्याजवळ एक रांगतं पोर पोचलं होतं. पलीकडच्या घरातल्या बाईनं बघितलं म्हणून अनर्थ टळला. त्या संध्याकाळी आम्ही चार-पाच जणी प्लॉटमालकाकडे गेलो आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रा टाकला. भांडण नाही, अर्ज नाही. फक्त जाऊन उभं राहावं लागलं.

आपल्या संस्थेच्या कपाटात किती वह्या आहेत ते मला ठाऊक आहे. वर्गणीची आहे, पाणीपट्टीची आहे, झाडांची आहे, गणपतीच्या खर्चाची तर दरवर्षी नवी असते. लेकरांची एकही नाही. म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं माझी सूचना आहे. येत्या सर्वसाधारण सभेत एक वही मंजूर करावी. तिच्यात आपल्या हद्दीतलं सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल लिहावं. मालकाचं, भाडेकरूचं, बांधकामावरच्या मजुराचं, सगळ्यांचं. जन्मतारीख, कोणती लस झाली, कोणती राहिली, आईचा फोन. गल्लीतल्या एका बाईनं किंवा पुरुषानं महिन्यातून एकदा फिरून ती नीट करावी आणि आशाताईला दाखवावी. बांधकामाची परवानगी घ्यायला जो सभासद संस्थेकडे येईल, त्यानं टाक्याला झाकण आणि खड्ड्याला कठडा करण्याचं लिहून द्यावं. याला पैसा जवळजवळ लागत नाही. शंभर पानी वही चाळीस-पन्नास रुपयांना मिळते.

वहीत एक रकाना मात्र माझ्या सांगण्यावरून ठेवा. बारसं झालं नसेल तरी बाळ लिहायचं. नावाच्या जागी 'अमुकचं बाळ' एवढं लिहिलं तरी चालेल. पहिल्या वर्षाची नोंद करायला मी तयार आहे. गुडघे दुखतात, पण आपला लेआउट काही फार मोठा नाही.